वेड, विकार आणि मेंदू : चौथ्या शिवाजी छत्रपतींच्या प्रकरणाचा पुनर्विचार

करवीर राज्याच्या अर्वाचीन इतिहासात १८७० ते १८८४ हा काळ दोन अकाली मृत्यूंनी आणि दोन दत्तविधानांनी व्यापलेला आहे. राजाराम महाराज यांचे ३० नोव्हेंबर १८७० रोजी, युरोपच्या प्रवासात असतानाच, इटलीतील फ्लॉरेन्स येथे निधन झाले. त्यांच्यामागे १८७१ मध्ये चौथे शिवाजी छत्रपती दत्तक आले. त्यांचा जन्म १८६३ चा. वयाची विशी पूर्ण होण्यापूर्वीच ते वेडे झाल्याचे इंग्रज सरकारने ठरविले आणि १८८२ मध्ये कागलचे अधिपती जयसिंगराव घाटगे यांच्याकडे रीजंट म्हणून राज्याची सूत्रे दिली. महाराजांना अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे नेऊन ठेवण्यात आले. तेथेच, त्यांच्यावर देखरेखीसाठी नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत, २५ डिसेंबर १८८३ रोजी त्यांचा अंत झाला. पुढे १७ मार्च १८८४ रोजी कागलकर घाटगे घराण्यातील यशवंतराव हे शाहू या नावाने गादीवर आले, आणि त्यांच्या कारकिर्दीच्या तेजात हा मधला तरुण राजा इतिहासाच्या पुस्तकांतून जवळजवळ दिसेनासा झाला.

जो काही उरला तो एका प्रश्नाच्या रूपाने उरला. महाराज खरोखरच वेडे होते काय? सरकारी बाजूचे उत्तर होकारार्थी होते. लोकपक्षाचे उत्तर असे, की ते वेडे नव्हते, त्यांना वेडे ठरविण्यात आले; किंवा ते वेडे झाले असतील तर छळामुळे झाले. या दोन उत्तरांपैकी एकाची निवड करणे हेच आपले काम आहे, अशा समजुतीने बहुतेक लेखन झालेले आहे. परंतु मानसिक विकारांच्या शारीरिक अधिष्ठानाविषयी गेल्या दीडशे वर्षांत जे ज्ञान जमा झाले, ते लक्षात घेता हा प्रश्नच ज्या पद्धतीने मांडला गेला ती पद्धत टिकणारी नाही.

प्रथम प्रकरणाची हकिगत पाहावी. जानेवारी १८८१ मध्ये पुण्यात ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही दोन पत्रे निघाली. पहिल्याचे संपादन गोपाळ गणेश आगरकरांकडे होते, तर दुसऱ्याचे बाळ गंगाधर टिळकांकडे. पहिल्याच वर्षात दोन्ही पत्रांनी कोल्हापूरचे कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे यांच्यावर, महाराजांच्या छळाचे आणि त्यांच्याविरुद्ध चाललेल्या कटाचे आरोप केले. आरोपांना आधार म्हणून जी पत्रे पुढे आली होती ती बनावट निघाली. बर्व्यांनी केलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात १७ जुलै १८८२ रोजी दोघा संपादकांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. ती त्यांनी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात भोगली आणि २६ ऑक्टोबर रोजी, म्हणजे एकशे एक दिवसांनी, ते सुटले. या एकशे एक दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले, आणि मराठी वाचकाला हे प्रकरण आठवते ते बव्हंशी त्या पुस्तकामुळे.

येथे एक गोष्ट नजरेतून निसटू देऊ नये. न्यायालयासमोर जो प्रश्न होता तो बर्व्यांच्या अब्रूचा होता, महाराजांच्या मनःस्थितीचा नव्हे. पत्रे बनावट ठरली एवढ्यावरून महाराज वेडे होते असे सिद्ध होत नाही. आणि पुढे महाराजांचा शोचनीय अंत झाला एवढ्यावरून ते शहाणे होते असेही सिद्ध होत नाही. तरीही दोन्ही बाजूंनी हे अनुमान वारंवार केलेले आढळते. त्याच्या मुळाशी एक समान गृहीतक आहे. वेड हा जर मेंदूचा रोग असेल तर त्याचा दोष कोणाकडे नाही. आणि वेड जर वागणुकीने आणले गेले असेल तर तो रोग नव्हे, तो अपराध होय. शरीर की परिस्थिती, अशी ही सरळ वाटणी. सरकारला पहिली बाजू सोयीची होती, वृत्तपत्रांना दुसरी. वाटणी मात्र दोघांनाही मान्य होती.

या वाटणीचा उगम शोधताना मराठी शब्दांकडेही पाहावे लागते. ‘वेड’ हा शब्द मराठीत एकाच वेळी रोगाला, मूर्खपणाला आणि अनिवार ओढीला लावला जातो. नाटकाचे वेड, बुद्धिबळाचे वेड, पंढरीचे वेड यांत निंदा नाही. संतवाङ्मयातील ‘पिसे’ तर भूषणच आहे. ‘खुळा’, ‘भ्रमिष्ट’, ‘चळ लागणे’, ‘डोके फिरणे’, ‘झपाटणे’ या प्रत्येकाची छटा वेगळी, आणि प्रत्येकात कारणाविषयी एक मूक सिद्धांत दडलेला. ‘झपाटणे’ म्हणणारा बाहेरून आलेल्या शक्तीला जबाबदार धरतो, ‘डोके फिरणे’ म्हणणारा आतल्या यंत्राला.

शास्त्रीय परंपरेतील ‘उन्माद’ याहून पुष्कळच नेमका होता. चरकसंहितेत उन्मादाचे लक्षण मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार या आठांच्या विभ्रमाने सांगितले आहे. वात, पित्त, कफ आणि संनिपात यांपासून होणारे चार उन्माद, आणि पाचवा आगंतू, म्हणजे भूतादींच्या संसर्गाने होणारा. पाचांपैकी चार शरीरदोषांच्या खाती टाकले गेले, ही बाब लहान नाही. विकृत होणारे बुद्धीचे स्थान मात्र चरकाच्या मते हृदय. भेलसंहितेत मनाचे स्थान शिर आणि टाळू यांच्या दरम्यान सांगितले आहे. कोल्हापुरापासून जवळच असलेल्या नृसिंहवाडीला बाधा झालेल्यांना घेऊन जाणारा समाज आगंतू उन्मादाच्या कल्पनेनेच चालत होता. आजच्या मराठी मानसशास्त्रात ‘उन्माद’ हा शब्द अतिउत्साहाच्या आणि अतिचलनाच्या एका विशिष्ट अवस्थेपुरता आकुंचित झाला आहे. जुना ग्रंथ नव्या अर्थाने वाचणाऱ्या विद्यार्थ्याची येथे हमखास फसगत होते.

सर्वांत बोलका इतिहास ‘विकार’ या शब्दाचा आहे. मूळ अर्थ प्रकृतीपासून झालेला पालट. वैद्यकात तो रोगवाचक झाला, संतांच्या भाषेत काम-क्रोधादिकांचा वाचक झाला, आणि एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्यात ‘मनोविकार’ म्हणजे राग, लोभ, भय, शोक या सामान्य भावना. आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे जे भाषांतर केले त्याचे नाव ‘विकारविलसित’. ते १८८३ मध्ये, म्हणजे महाराजांच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. ज्या राजपुत्राचे वेड खरे की पांघरलेले हा नाटकाचा गाभा आहे, त्याची कथा या वेळी मराठीत यावी हा योगायोग विलक्षण खरा. परंतु शीर्षकातील ‘विकार’ रोग नव्हे, भावनांचा खेळ होय. आज ‘मनोविकार’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात इस्पितळ उभे राहते. शंभर वर्षांच्या आत एक शब्द भावनेकडून रोगाकडे सरकला. भावना आणि रोग यांच्यामधील सीमा किती पातळ आहे, हे भाषेने नकळत नोंदवून ठेवले आहे.

ज्या काळी कोल्हापुरात हा वाद चालला होता त्या काळी युरोपात तरी मेंदूविषयी काय ठाऊक होते? मानसिक रोग हे मेंदूचे रोग होत, हे सूत्र जर्मन वैद्य ग्रीझिंगर याने १८४५ मध्ये मांडले होते. त्याच्याही आधी, १८२२ मध्ये, बेल या फ्रेंच वैद्याने वेड आणि पक्षाघात एकत्र असलेल्या रोग्यांच्या मेंदूच्या आवरणांत दाह दाखविला होता. हा रोग उपदंशाचा परिणाम असल्याचे १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांनी अशा रोग्यांच्या मेंदूतच उपदंशाचे जंतू दाखवून निर्णायकपणे सिद्ध केले. वेडाच्या एका मोठ्या प्रकाराला निश्चित शारीरिक कारण सापडले, आणि इतर सर्व प्रकारांनाही असेच एकेक कारण सापडेल ही आशा बळावली. ती आशा पुरी झाली नाही. १८८२ मध्ये तर एवढेही नव्हते. कोल्हापूरच्या राजाला तपासणाऱ्या कोणाजवळही त्याच्या मेंदूत डोकावण्याचे साधन नव्हते. साधन होते ते त्याच्या वागण्याचे आणि बोलण्याचे निरीक्षण. निर्णय घेणाऱ्या सरकारची भाषा इंग्रजी होती, आणि ज्याच्याविषयी निर्णय घ्यायचा तो मराठी बोलत होता.

मेंदूच्या रसायनाकडे जाणारी वाट पुढे ज्या ठिकाणाहून उघडली ते भारतीय वाचकाला विशेष जवळचे आहे. सर्पगंधा ही वनस्पती या देशात वेडावरील औषध म्हणून परंपरेने ज्ञात होती. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोहोंवर तिचा उपयोग होत असल्याचे प्रसिद्ध केले. भारताबाहेर फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरील निबंध एका ब्रिटिश नियतकालिकात आला, तेव्हा पाश्चात्त्यांचे डोळे उघडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या संशोधकांनी त्या मुळीतून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे केले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझीनचा वेडावर प्रयोग झाला. दोन अगदी भिन्न रचनेची द्रव्ये क्षुब्ध रोग्याला शांत करीत होती, आणि का करतात हे कोणालाच ठाऊक नव्हते.

उत्तर रेसर्पीनने मिळवून दिले. १९५५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांना असे आढळले, की रेसर्पीन दिल्यावर मेंदूतील सेरोटोनिन या द्रव्याचा साठा रिकामा होतो. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पीनने निश्चेष्ट पडलेल्या सशांना डोपा हे द्रव्य दिले, तेव्हा ते थोड्याच वेळात हालचाल करू लागले. त्यावरून डोपामीन हे मेंदूत स्वतंत्रपणे संदेश नेणारे द्रव्य असल्याचे दिसून आले. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूतील पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. त्यांच्यामध्ये सूक्ष्म अंतर असते आणि एका पेशीने सोडलेले रसायन ते अंतर ओलांडून दुसरीला जागे किंवा शांत करते. क्लोरप्रोमाझीनसारखी औषधे डोपामीन स्वीकारणारी दारे अडवितात, आणि जे औषध ती दारे अधिक घट्ट अडविते त्याची मात्रा कमी पुरते, हे १९७० नंतरच्या दशकात सिद्ध झाले.

येथपर्यंत सारे सुसंगत आहे. घसरगुंडी पुढे सुरू होते. रेसर्पीन घेणाऱ्या काही रोग्यांत खिन्नता आढळली. उलट, क्षयावर दिलेल्या इप्रोनियाझिडने काही रोगी उल्हसित झाले, आणि ते औषध याच द्रव्यांचा नाश थांबविते असे दिसले. त्यावरून १९६५ च्या सुमारास असा सिद्धांत रूढ झाला, की खिन्नतेचा रोग म्हणजे मेंदूतील या द्रव्यांची उणीव. हा तर्क मोहक असला तरी सदोष आहे. हळद लावल्याने जखम भरते, म्हणून हळद कमी पडल्याने जखम झाली असे कोणी म्हणत नाही. शिवाय खिन्नतेवरील गोळी सेरोटोनिनचे प्रमाण काही तासांत बदलते, पण रोग्याला बरे वाटू लागण्यास आठवडे जातात. मधल्या काळात पेशींच्या जोडण्यांत काही संथ पालट होत असले पाहिजेत. २०२२ मध्ये तोपर्यंतच्या संशोधनाचा जो एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात खिन्नतेच्या रोग्यांत सेरोटोनिन कमी असते याला सुसंगत पुरावा आढळला नाही. याचा अर्थ औषध निरुपयोगी आहे असा नव्हे. औषध लागू पडणे आणि रोगाचे कारण कळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढेच.

नव्या ज्ञानाने नवी नावेही आणली आणि तीही निर्दोष नाहीत. ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव स्विस वैद्य ब्लॉयलर याने १९०८ मध्ये योजिले. मराठीने त्याचे ‘छिन्नमनस्कता’ असे शब्दशः रूपांतर केले, आणि मन दुभंगून एका माणसात दोन माणसे नांदतात असा चुकीचा समज त्याबरोबर पसरला. जपानी भाषेत नेमके असेच रूपांतर झाले होते. तेथील वैद्यांनी २००२ मध्ये ते नाव अधिकृतपणे बदलले. ‘नैराश्य’ या शब्दाची अडचण उलट आहे. परीक्षेत नापास झालेला विद्यार्थी आणि आठवडेच्या आठवडे अन्न-झोप हरपलेला रोगी दोघेही निराशच म्हणविले जातात. म्हणून बोलभाषेने ‘डिप्रेशन’ हा परका शब्द जवळ केला. परिभाषा-समित्यांना तो खुपत असला तरी त्यामागची गरज खरी आहे.

महाराजांच्या वयाच्या दृष्टीने स्किझोफ्रेनियाविषयीचे संशोधन अधिक प्रस्तुत आहे. पुरुषांत हा रोग बहुधा सतरा-अठरा ते पंचविशीच्या दरम्यान प्रकट होतो. पौगंडावस्थेत मेंदू अनावश्यक जोडण्या छाटून टाकतो. ही छाटणी काही जणांत अतिरेकी होत असावी, असे अनुमान १९८२ मध्ये मांडले गेले. २०१६ मध्ये या छाटणीशी संबंधित अशा एका जनुकाची विशिष्ट रूपे रोगाचा धोका वाढवितात, असे दिसून आल्याने त्या अनुमानास बळ मिळाले. परंतु ते जनुक शेकडोंपैकी एक. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात या रोगाशी निगडित असे १०८ जनुकीय भाग नोंदविले गेले, २०२२ मध्ये ती संख्या २८७ वर गेली. प्रत्येकाचा वाटा अत्यल्प. एकाच जनुकसंचाच्या जुळ्यांपैकी एकाला हा रोग असता दुसऱ्याला तो निम्म्याहून कमी वेळा होतो. आनुवंशिकतेचा भाग मोठा आहे, पण तो ललाटलेख नव्हे.

उरलेला भाग परिस्थितीचा. आणि परिस्थितीही अखेर शरीरातूनच बोलते. भय किंवा दीर्घ ताण यांच्या प्रसंगी मेंदूच्या तळाशी असलेला भाग पोष ग्रंथीला आणि ती अधिवृक्क ग्रंथींना चेतविते. त्यांतून येणारे कॉर्टिसोल काही काळ उपकारक असते. ताण महिनोन्‌महिने टिकला तर तेच स्मृती व भावना यांच्याशी संबंधित अशा मेंदूच्या भागांवर परिणाम करू लागते. बालपणी झालेली उपेक्षा, मारहाण, जवळच्यांचा वियोग यांमुळे चिंता, खिन्नता आणि छिन्नमनस्कता या तिन्हींचा धोका वाढतो, हे आता अनेक देशांतील पाहण्यांवरून निश्चित झाले आहे.

आता १८८२ च्या वादाकडे वळावे. आठव्या वर्षी जन्मदात्यांच्या घरातून राजवाड्यात आलेला मुलगा, परक्या शिक्षकांच्या आणि कारभाऱ्यांच्या शिस्तीत वाढलेला, नावाने राजा आणि प्रत्यक्षात दुसऱ्यांच्या आज्ञेत राहणारा. त्याला अठरा-एकोणिसाव्या वर्षी मानसिक रोग झाला असेल तर वयाच्या दृष्टीने त्यात असंभाव्य असे काही नाही. पण त्यामुळे छळाचा आरोप खोटा ठरत नाही. उलट छळ झाला असेल, तर तो मेंदूबाहेर राहिला असे म्हणण्यास आधार नाही. ‘रोग की छळ’ या प्रश्नातील ‘की’ हाच दोषास्पद शब्द आहे. सरकारने रोगाचे नाव पुढे करून जबाबदारी झटकली, आणि पुण्याच्या पत्रांनी जबाबदारी लादण्यासाठी रोगच नाकारला. यांत पत्रांचा आवेश समजण्यासारखा असला तरी त्यांचा तर्क सरकारच्याच तर्काचा आरसा होता. शरीर आजारी आहे असे ठरल्यावर तर रोग्याच्या संरक्षणाची जबाबदारी वाढते, कमी होत नाही. ज्याला आजारी म्हणून ताब्यात घेतले त्याचा अंत पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत व्हावा, यावर रोगाचे नाव हे उत्तर होऊ शकत नाही.

काही लेखक उलट टोकाला जाऊन महाराजांना आजच्या रोगसूचीतील एखादे नाव देऊ पाहतात. तसे करणेही अप्रशस्त आहे. उपदंशजन्य वेड सामान्यतः संसर्गानंतर बऱ्याच वर्षांनी, मध्यम वयात येते, म्हणून ते येथे दूरचे ठरते, एवढेच वयावरून म्हणता येईल. त्यापुढे छिन्नमनस्कता, उन्माद-खिन्नतेचा रोग, अपस्मार, मेंदूज्वराचा मागे राहिलेला परिणाम, की केवळ एका कोंडलेल्या तरुणाचा संताप, हे केवळ कागदपत्रांवरून ठरविता येणार नाही. जिवंत रोगी समोर असतानाही आज रक्ताच्या चाचणीने किंवा मेंदूच्या चित्राने यांपैकी बहुतेक रोगांचे निदान होत नाही; चाचण्या इतर शारीरिक कारणे वगळण्यापुरत्या उपयोगी पडतात. निदान होते ते रोग्याशी आणि त्याच्या माणसांशी बोलूनच. या बाबतीत आजचा मानसोपचारतज्ज्ञ १८८२ च्या वैद्याहून जितका पुढे आहे असे वाटते तितका पुढे नाही. मात्र त्याच्याजवळ लक्षणांचे ठरीव निकष आहेत आणि त्याच्यावर कायद्याची बंधने आहेत.

ती बंधने या प्रकरणाच्या संदर्भात मुद्दाम पाहण्याजोगी आहेत. १८५८ चे वेड्यांसंबंधीचे कायदे इंग्रजी मुलखासाठी होते; संस्थानिकाच्या बाबतीत सरकारची इच्छा हाच कायदा. १९१२ चा कायदा मुख्यतः वेड्यांना कसे ठेवावे याचा होता. १९८७ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ मध्ये संमत होऊन २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे मानसिक आजार ठरविताना मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषच लावले पाहिजेत. व्यक्तीचा राजकीय, आर्थिक किंवा सामाजिक दर्जा, अथवा समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक वा राजकीय मूल्यांशी तिचे न जुळणे, हे निदानाचे कारण होऊ शकत नाही. पूर्वी कधी उपचार झाले होते एवढ्यावरूनही आजार सिद्ध होत नाही. अहमदनगरच्या त्या कैद्याला यांपैकी एकही आधार उपलब्ध नव्हता. त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांच्या आत, १८८६ मध्ये, रत्नागिरीस वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले, आणि घाटाखाली नेल्या जाणाऱ्या, कोणत्याही वृत्तपत्राने ज्यांची बाजू घेतली नाही अशा सामान्य रोग्यांचा इतिहास तेथून सुरू होतो.